कॅप्सूल : व्हिडिओ गेमचे दुकानातील मुखचित्र

ऑनलाइन दुकानात व्हिडिओ गेमची ओळख म्हणून लावलेले छोटे आयताकृती चित्र. त्यात बहुधा दोनच गोष्टी असतात : गेमचे नाव आणि एक प्रसंग किंवा पात्र. ‘कॅप्सूल’ हा शब्द स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या परिभाषेतला. इच.आयओ या छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांच्या दुकानात त्यालाच कव्हर म्हणतात आणि मोबाइलच्या दुकानांत हे काम मुख्यतः आयकॉन करतो. कॅप्सूल आणि ‘की आर्ट’ यांत गल्लत होते. की आर्ट म्हणजे गेमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले मोठे मूळ चित्र. कॅप्सूल त्यातून घडते, पण नुसती कातरून काढता येत नाही.

कारण मापे. स्टीमला हेडर म्हणजे गेमच्या पानाच्या माथ्यावरची कॅप्सूल ४६०×२१५ पिक्सेल, छोटी २३१×८७, मुख्य ६१६×३५३ आणि उभी ३७४×४४८ या प्रमाणांत लागते. अलीकडे याच फाइली दुप्पट मापात मागवल्या जातात, उदाहरणार्थ हेडर ९२०×४३०. खेळाडूच्या संग्रहात दिसणारी ६००×९०० ची उभी कॅप्सूल वेगळी. इच.आयओ ६३०×५०० सुचवते. गुगल प्लेला ५१२×५१२ चा चौकोनी आयकॉन आणि १०२४×५०० चे आडवे चित्र हवे असते. एकाच चित्राची आडवी पट्टी, उभा फलक आणि चौकोन करायचा, तर प्रत्येक वेळी मांडणी नव्याने करावी लागते. म्हणून जाणता चित्रकार पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या स्वतंत्र थरांवर, ठेवतो. तशी फाइल मागून घेतली नाही, तर पुढे प्रत्येक मापासाठी चित्रकाराचा पाठलाग करावा लागतो.

खरी परीक्षा छोट्या कॅप्सूलची. तिच्यापासून स्टीम आपोआप १८४×६९ आणि १२०×४५ अशी आणखी लहान रूपे तयार करते. १२०×४५ म्हणजे सारे मिळून ५,४०० पिक्सेल. याद्यांमध्ये गेम पुष्कळदा अशाच रूपांत भेटतो. त्यामुळे छोट्या कॅप्सूलमध्ये नावानेच बहुतेक जागा व्यापावी, असे स्टीमचे स्वतःचेही सांगणे आहे. मोठ्या मॉनिटरवर पूर्ण आकारात पाहून ‘मस्त झालंय’ म्हणणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

समजा, पेठेतल्या जुन्या वाड्यात घडणारा रहस्यशोधाचा एक गेम आहे आणि तो करणारी पुण्यातली दोन-तीन माणसे आहेत. पहिल्या आराखड्यात ती सगळा वाडा घालतात : दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, लाकडी जिना, गॅलरीत उभी तीन पात्रे, कठड्यावर मांजर आणि वर वळणदार अक्षरांत नाव. महिनाभर खपून केलेल्या या चित्राची १२०×४५ वर एक तपकिरी पट्टी होते. त्यात मांजर तर नाहीच, वाडाही ओळखू येत नाही. आता दुसरा आराखडा : काळोखी भिंत, तिच्यात उजेड असलेली एकच खिडकी, खिडकीत कंदील धरलेला हात. उजेडाचा चौकोन कितीही लहान केला तरी टिकतो, आणि रात्र, घर व काहीतरी दडलेले हे तिन्ही त्यातून कळते. तुळस आणि मांजर वाया जात नाहीत. ती पानावरच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतातच. कॅप्सूलने गेमची गोष्ट सांगायची नसते. हा कोणत्या जातीचा गेम आहे एवढे सांगून ग्राहकाला पानापर्यंत आणायचे असते.

‘जात’ म्हणजे इथे प्रकार : कोडी, शेती, भयकथा, पत्त्यांचा डाव, डावपेच. प्रत्येक प्रकाराची दृश्यभाषा खेळाडूंच्या डोळ्यांत बसलेली असते. शेतीच्या गेमला ऊबदार रंग आणि गोलसर अक्षरे, भयकथेला अंधार आणि अर्धवट उजळलेला चेहरा. या खुणा पूर्णपणे टाळल्या, तर आपला ग्राहक आपल्याला ओळखत नाही. तंतोतंत पाळल्या, तर गर्दीत हरवायला होते. तपासण्याचा उपाय साधा आहे. दुकानाच्या त्या प्रकारच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, आपला आराखडा मधल्या एका खणात चिकटवावा आणि गेमची माहिती नसलेल्या माणसाला दाखवावा. नजर कुठे गेली आणि हा गेम कशाचा वाटला, एवढेच विचारावे. समजावून सांगायला लागलो की चाचणी संपली. चित्र कृष्णधवल करून आणि डोळे किलकिले करूनही पाहावे. छटांचा फरक तिथे टिकला नाही, तर रंग फार वाचवू शकत नाहीत. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळसर असल्याने गडद कडांची कॅप्सूल तिच्यात मिसळून जाते, हेही तेव्हाच कळते.

देवनागरी नावाचा प्रश्न निराळा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. रोमन मोठ्या लिपीतले नाव एका उंचीत बसते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि या दोन्हींना जागा दिल्यावर अक्षराचे अंग बारीक होते. ‘वाडा’ हे नाव नशीबवान : दोन अक्षरे, शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही. तेच ‘पूर्वजांची कुंडली’ ठेवले, तर ४५ पिक्सेल उंचीत अनुस्वार म्हणजे एक ठिपकाही उरेल की नाही, शंका. शिरोरेषेचा मात्र फायदा होतो. ती शब्दाला एका पट्टीत बांधते आणि लांबून शब्दाचा आकार ओळखू येतो. गूढ दिसावे म्हणून ती तोडण्याची हौस छोट्या कॅप्सूलमध्ये महागात पडते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी ज्यांनी पट्टी लावून अक्षरलेखन घोटले आहे, त्यांना इथे थोडा न्याय मिळतो. जगभर विकायच्या गेमला बहुतेक जण रोमन नावच देतात. दोन्ही लिप्या एकाच कॅप्सूलमध्ये कोंबणे हा सर्वांत वाईट तोडगा. स्टीमवर भाषेनुसार वेगळी कॅप्सूल चढवण्याची सोय आहे.

लहान जागेत ग्राहकाची नजर अडवण्याचा उद्योग पुण्याला नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेने देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे घरोघरी पोचवली. तिचे नाव चित्रशाळा स्टीम प्रेस. आजच्या दुकानाशी असलेले नामसाम्य हा निव्वळ वाफेचा योगायोग. दिवाळी अंकांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. अप्पा बळवंत चौकात किंवा फुटपाथवरच्या स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडले, की प्रत्येकाची वरची पट्टीच दिसते. म्हणून अंकाचे नाव वर आणि मुखपृष्ठावरचा चेहरा नावाला टेकलेला. मासिकाच्या मांडणीकाराने दुकानदाराच्या हाताचा विचार केला, गेमच्या मांडणीकाराला यादीच्या खणाचा करावा लागतो.

गेमच्या वेष्टणचित्रांचा स्वतःचा इतिहास अटारी २६०० या १९७७ च्या घरगुती गेमयंत्रापासून ठळक होतो. क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी खोक्यांवर रणगाडे, विमाने आणि माणसांचे ओजस्वी कोलाज रंगवले. पडद्यावर मात्र ठोकळे हलत. ते खपून गेले, कारण पडदा काय दाखवू शकतो याची ग्राहकाला कल्पना होती. १९८७ च्या मेगा मॅनच्या अमेरिकी खोक्यावरचा नायक हातात पिस्तूल घेऊन उभा आहे, गेममध्ये त्याचा हातच तोफ असतो. ते चित्र आजही थट्टेचा विषय आहे. उलट, २००१ च्या ईको या गेमचे जपानी आणि युरोपीय मुखचित्र खुद्द दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांच्या शैलीच्या प्रभावातून रंगवले : लांब सावल्या, प्रचंड वास्तू आणि दोन चिमुकल्या आकृती. अमेरिकेत मात्र नायकाचा संगणकी चेहरा लावला गेला. ओकामी या गेमच्या निन्टेन्डो वी या यंत्रासाठी २००८ मध्ये निघालेल्या आवृत्तीत एका संकेतस्थळाची पुसट मोहोर मुखचित्रावर तशीच छापली गेली आणि प्रकाशक कॅपकॉमला बदली वेष्टणे देऊ करावी लागली. छपाईआधी फाइल पूर्ण मापात उघडून पाहण्याचा कंटाळा केवळ लहान स्टुडिओंचाच नसतो.

नियमही आता कडक आहेत. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमवरच्या कॅप्सूलमध्ये गेमचे नाव आणि उपनाव सोडून इतर मजकूर चालत नाही. समीक्षेचे गुण, पुरस्कारांची चिन्हे, सवलतीची जाहिरात हे सारे बाद. मोठ्या अपडेटची घोषणा करायची असल्यास मर्यादित काळासाठी वेगळी कॅप्सूल लावता येते. गुगल प्लेनेही आयकॉनवर क्रमांक, किंमत किंवा ‘सर्वोत्तम’ असले दावे २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाने बंद केले. याने चित्रकाराचे नुकसान झाले असे वाटत नाही. चिकटवलेली पदके गेली, तेव्हा चित्राला जागा मिळाली.

पुण्यात गेम बनवणाऱ्यांची वस्ती बरीच मोठी आहे. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) करणारा नॉडिंग हेड्स गेम्स आणि ‘मास्कगन’, ‘इंडस’ करणारा सुपरगेमिंग हे दोन्ही स्टुडिओ इथलेच. राजीच्या दृश्यरूपाने पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला, आणि गर्दीच्या दुकानात वेगळा रंगपट असणे ही स्वतःच एक ओळख ठरते. अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांत उपयोजित कला शिकलेला विद्यार्थी पोस्टर, पॅकिंग आणि मुखपृष्ठ यांतून आलेला असतो. कॅप्सूलसाठी त्याला नवे शिकावे लागते ते मुख्यतः लहान करणे.

काम देताना छोटे स्टुडिओ बहुधा मापांची यादी पाठवतात आणि गेम पाठवायला विसरतात. चित्रकाराला खेळता येणारी आवृत्ती, पाच-सहा स्क्रीनशॉट आणि त्याच प्रकारच्या तीन-चार गेमच्या कॅप्सूल दिल्या, तर पहिल्या आराखड्यांचा निम्मा गोंधळ टळतो. आधी तळहाताएवढी पाच-सहा कच्ची रेखाटने घ्यावीत, ती २३१×८७ वर पाहावीत, आणि निवड झाल्यावरच रंगकाम सुरू करावे. लागल्यानंतरही चित्र कायमचे नसते. स्टीम किती जणांच्या नजरेस कॅप्सूल पडली आणि किती जण पानावर आले हे आकडे देते. दोन चित्रांची एकाच वेळी तुलना करण्याची सोय तिथे नाही, ती गुगल प्लेवर आहे. त्यामुळे स्टीमवर कॅप्सूल बदलायची झाल्यास सवलत किंवा महोत्सव नसलेला साधा आठवडा निवडतात, नाहीतर आकडे चित्रामुळे हलले की सवलतीमुळे, हे सांगता येत नाही.