शिलालेख वाचणारा लोकप्रतिनिधी : थिओडोर मॉमसेन

रोमन साम्राज्यातील लॅटिन शिलालेख एकोणिसाव्या शतकाच्या आधीही छापले जात होते. पण बहुतेक संपादक जुन्या संग्रहांतून ते उतरवून घेत, आणि अशा नकलांमध्ये बनावट लेखही बेमालूम मिसळून जात. जो दगड आजही अस्तित्वात आहे तो संपादकाने स्वतः जाऊन पाहिलाच पाहिजे, असा आग्रह थिओडोर मॉमसेन (१८१७-१९०३) या जर्मन विद्वानाने धरला. अशा लेखाचा ठसा घेण्याची रीत सोपी होती : कोरलेल्या पृष्ठभागावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत दाबायचा आणि वाळला की अलगद सोडवायचा; दगडाला टेकलेल्या बाजूवर अक्षरे उलटी, पण उठावदार उमटतात. आपल्याकडे लेण्यांतील ब्राह्मी लेखांचे ठसे घेताना कागदावर शाईही फिरवतात, इतकाच फरक. मॉमसेन यांच्या देखरेखीखाली बर्लिनच्या अकादमीने १८६३ पासून प्रसिद्ध केलेल्या संग्रहात आज सुमारे १,८०,००० लेख आहेत.

एवढा व्याप सांभाळणारा हा माणूस अभ्यासिकेत मात्र कोंडून राहिला नाही. १८४८-४९ च्या जर्मन क्रांतिकाळातील राजकीय सहभागामुळे १८५१ मध्ये लाइपझिगमधील प्राध्यापकपद गेले, तरी पुढे ते प्रशियाच्या विधिमंडळात आणि १८८१ ते १८८४ या काळात जर्मन संसदेत निवडून आले. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्या आर्थिक धोरणावरील जहाल टीकेमुळे त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८८० चा प्रसंग. बर्लिन विद्यापीठातील त्यांचेच सहकारी, इतिहासकार हाइनरिश फॉन ट्राइट्श्के, यांनी ज्यूंविरुद्ध लेखन केले, तेव्हा मॉमसेन यांनी पुस्तिका लिहून त्यांना जाहीर उत्तर दिले. ज्यूविरोधी मंडळी तर मॉमसेन यांच्याच रोमच्या इतिहासातील एक वाक्य हत्यारासारखे वापरत होती : प्राचीन जगात ज्यू हे राष्ट्रीय भेद विरघळवणारे विरजण होते, अशा अर्थाचे. त्या वाक्याला जबाबदार असलेल्या लेखकाने मौन न बाळगता, जर्मनीतील वेगवेगळ्या जमातींचे एक राष्ट्र घडण्यासाठीही अशा विरजणाची गरज आहे, असे उत्तर दिले. ज्यूंनी आपले वेगळेपण सोडावे ही त्यांची अपेक्षा आज खटकते. तरी नागरिक म्हणून समान हक्कांच्या बाजूने ते ठाम उभे राहिले.

१९०२ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. त्याआधी तीन वर्षे लिहून ठेवलेल्या आणि १९४८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या मृत्युपत्रातील टिपणात मात्र, आपल्याला आयुष्यभर नागरिक व्हायचे होते आणि आपल्या राष्ट्रात ते शक्य झाले नाही, ही खंत त्यांनी नोंदवली आहे.