अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमधला असिस्टंट कोच

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलींच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ) टीमला हेड कोचच्या हाताखाली शिकवणारा माणूस किंवा बाई म्हणजे असिस्टंट कोच. नाव असिस्टंट, पण रोजचं शिकवणं बऱ्याचदा यांच्याच अंगावर असतं, एक जण पिचिंग म्हणजे बॉल टाकणं बघतो, दुसरा हिटिंग म्हणजे बॅटिंग, तिसरा कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी) आणि फिल्डिंग. आपल्याकडे एकच क्रीडा संचालक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं सांभाळतो, त्यामुळे एका टीमला चार कोच हे ऐकायलाच जड जातं.

हा चारचा आकडा तसा नवा आहे. एनसीएए ही कॉलेज खेळांची मोठी संघटना, तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पूर्वी हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटियर असायचा. व्हॉलंटियर म्हणजे मैदानावर राबायचं इतरांइतकंच पण कॉलेजचा पगार नाही, पोट भरायचं ते उन्हाळी कॅम्प आणि खासगी शिकवण्यांवर. १ जुलै २०२३ पासून हे पद रद्द झालं आणि तीन असिस्टंटना परवानगी मिळाली. उशीरच झाला म्हणायचा.

पिचिंग कोचचं काम बघण्यासारखं असतं. पिचर ४३ फुटांवरून अंडरआर्म टाकते, बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी. कुठला पिच म्हणजे कसला बॉल टाकायचा हे बऱ्याच टीममध्ये कोच ठरवतो: डगआउटमधून (मैदानाकडेच्या टीमच्या बाकावरून) आकडे ओरडतो, नाहीतर बोटांनी दाखवतो, कॅचर मनगटावरच्या पट्टीतलं बारीक अक्षरातलं कार्ड बघते, त्या आकड्यासमोर राइज बॉल (वर चढणारा), ड्रॉप (खाली पडणारा) की चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला) आणि आतल्या बाजूला की बाहेर, सगळं लिहिलेलं असतं. समोरच्या टीमने आकडे पाठ करू नयेत म्हणून कार्ड बदलत राहायचं. आणि चेंजअप मागितला आणि बॉल कुंपणाबाहेर गेला तर पिचरसारखंच कोचलाही मान खाली घालावी लागते.

मॅचेस फेब्रुवारीत सुरू होतात, रेग्युलर सीझनमध्ये जास्तीत जास्त ५६, आणि शेवटच्या आठ टीम ओक्लाहोमा सिटीत वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा, खेळतात, ती जूनच्या सुरुवातीला संपते. पण सीझन संपला म्हणजे काम संपलं असं अजिबात नाही, उलट तेव्हाच खरी पायपीट. उन्हाळाभर शाळकरी मुलींच्या क्लब टूर्नामेंट्स बघत गावोगाव फिरायचं, वहीत नावं टिपायची. २०१८ च्या नियमाप्रमाणे मुलगी अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबरपासूनच तिच्याशी रिक्रूटिंगचं, म्हणजे तिला आपल्या टीममध्ये घेण्याचं, बोलता येतं, म्हणून त्या रात्री बाराच्या ठोक्याला कोच लोकांचे मेसेज सुटतात.

या लाइनमध्ये येणारे बहुतेक जण कॉलेजात खेळलेले असतात. छोट्या कॉलेजात पोस्ट ग्रॅज्युएशन करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट, मग असिस्टंट, मग असोसिएट हेड कोच, जमलं तर हेड कोच. केली इनोये-पेरेझ यूसीएलएची (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) कॅचर होती, मग तिथेच असिस्टंट, २००७ पासून हेड कोच, आणि तिन्ही भूमिकांत तिने नॅशनल टायटल जिंकलं. सगळ्यांनाच वर जायचं असतं असंही नाही, ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेली लिसा फर्नांडिस त्याच यूसीएलएत वर्षानुवर्षं दुसऱ्या फळीत राहिली. ओक्लाहोमा विद्यापीठाने २०२१ ते २०२४ सलग चार टायटल जिंकली तेव्हा हेड कोच पॅटी गॅसो असली तरी पिचिंग जेनिफर रोचाकडे होतं आणि हिटिंग पॅटीचाच मुलगा जे. टी. गॅसोकडे.

नोकरीचा भरवसा मात्र कमीच. हेड कोचला काढलं किंवा ती दुसरीकडे गेली की नवीन येणारी सहसा आपली माणसं घेऊन येते, मग तुमच्या पिचरने कितीही विकेट, सॉरी, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) काढलेले असोत, सामान बांधायचं. नशीब बरं असेल तर जुनी हेड कोच नव्या गावी बोलावून घेते.