नॉर्थ्रोप, जेम्स हेन्री

नॉर्थ्रोप, जेम्स हेन्री : (८ मे १८५६ – १२ डिसेंबर १९४०). इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेले अभियंते व स्वयंचलित मागाचे जनक. विणकामाशी निगडित शेकडो एकस्वे (पेटंट) त्यांच्या नावावर आहेत.

त्यांच्या शोधाचे मर्म नागपूरच्या वाचकाला पाचपावलीतील हातमागावरून चटकन उमगेल. ताण्यातून आडवा धागा (बाणा) नेणाऱ्या धोट्यातील कांडीचे सूत संपले की कोष्टी माग थांबवतो, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवतो, धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून ओवतो आणि मगच विणकाम पुढे नेतो. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्या काळच्या यंत्रमागांनाही हा खोळंबा चुकला नव्हता. इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये तर विणकर टोक तोंडाने शोषूनच छिद्राबाहेर काढत. घाणेरडी रीत, पण पिढ्यानपिढ्या चालली.

यॉर्कशायरमधील कीथ्ली या कापडगिरण्यांच्या गावी जन्मलेले नॉर्थ्रोप १८८१ मध्ये बॉस्टनला गेले. तेथे यंत्र-कारागीर व मुकादम म्हणून राबल्यावर त्यांनी काही काळ शेतीही करून पाहिली. धोट्यात कांडी भरण्याच्या त्यांच्या युक्तीची प्रतिकृती माग बनवणाऱ्या ड्रेपर कारखान्याच्या चालकांनी ५ मार्च १८८९ रोजी पाहिली आणि प्रयोगासाठी त्यांना एक माग दिला. २० मेपर्यंत स्वतःचीच पहिली कल्पना अव्यवहार्य ठरवून त्यांनी ती टाकून दिली. ५ जुलैला दुसऱ्या कल्पनेवरचा माग चालू झाला होता. १८९१ मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बॅटरी’त भरलेल्या कांड्या फिरत्या चक्रात मांडलेल्या असतात. बाणा संपताच एक हातोडी वरची कांडी धोट्यात ठोकते, त्याच दाबाने रिकामी कांडी खाली पडते आणि माग क्षणभरही थांबत नाही. धागा आपोआप ओवून घेणारा धोटाही त्यांचाच.

१८९४ पासून हे माग विकले जाऊ लागले. नॉर्थ्रोप मात्र बेचाळिसाव्या वर्षीच कॅलिफोर्नियात जाऊन राहिले.

१९१४ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ४० टक्के माग नॉर्थ्रोप बनावटीचे होते. त्यांच्या मायदेशात हे प्रमाण जेमतेम २ टक्के राहिले. तेथे मजुरीची बचत तितकीशी मोलाची नव्हती, शिवाय म्यूल या कताई यंत्रावर कातलेले बाण्याचे सूत या मागासाठी पुन्हा कांडीवर गुंडाळावे लागे. अमेरिकेत रिंग या दुसऱ्या प्रकारच्या कताई यंत्राच्या चात्यांवरचे सूत थेट कांडीवरच उतरत असे.