पवई तलाव पिण्याच्या यादीतून बाद झाला, तिथून पुढे

दरवर्षी पावसाळ्यात महापालिकेची बातमी येते की पवई तलाव भरून वाहू लागला, आणि खाली एक ओळ असते की हे पाणी पिण्यायोग्य नाही, उद्योगांना आणि आरे कॉलनीत वापरतात. सगळे ती ओळ वाचून पुढे जातात, पण मला वाटतं पवईचं जे काही झालंय त्याचं मूळ तिथंच आहे.

थोडं मागे जाऊया. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मिळालं, मग १८७९ ला तुळशी तलाव, तरी शहराला पाणी पुरेना म्हणून मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घालून १८९० च्या सुमारास पवई तलाव केला, खर्च १२.५९ लाख रुपये. पण पाण्याचा दर्जा काही धड नव्हता आणि लगेच १८९२ ला तानसाचं पाणी आलं, मग पवईची गरजच संपली.

आता फरक बघा. विहार आणि तुळशी आजही मुंबईला पिण्याचं पाणी देतात, त्यांच्याभोवती नॅशनल पार्कचं जंगल आहे, तिथं कोणी बिल्डिंग बांधायचं म्हटलं तर अख्खं शहर उठेल. पवई त्यांच्या शेजारीच, पण त्याच्यावर कोणाची तहान अवलंबून नाही, म्हणून राखणही नाही. पाणलोट जेमतेम ६.६१ चौरस किलोमीटरचा, त्यात आयआयटी आली, दगडाच्या खाणी झाल्या, मग वस्त्या, मग टॉवर, आणि माणसं आधी आली नि ड्रेनेज लाइन मागे राहिली, त्यामुळे मैलापाणी नाल्यांतून सरळ तलावात. दोष झोपडपट्टीवर ढकलणं सोपं आहे पण ते बरोबर नाही, लाइन टाकायचं काम रहिवाशांचं नव्हतं.

मैलापाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला खतच. ती पसरली की खाली ऊन जात नाही, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, मेलेली पानं तळाशी कुजतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातात. मशीन लावून ती काढतात पण मैलापाणी चालूच असल्यामुळे परत येते, आणि ह्याच पाण्यात मगरी राहतात, मासे राहतात, हे विसरून चालणार नाही.

कायदे नव्हते असंही नाही. महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० ला आलं, केंद्राचा कायदा तर नंतरचा, १९७४ चा. मोजायचं काय तेही ठरलेलंय, आंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर हवा. पुढे राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवईचं नाव आलं, साफसफाईवर पैसा लागला, पण नाले बंद झाले नाहीत.

मग २०२१ मध्ये काठावर सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं, लोक कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये हायकोर्टानं ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. माझ्या मते पवईसाठी हा मोठा निकाल, कारण पिण्याचं पाणी नसलं तरी पाणथळ जागा म्हणून तलावाला संरक्षण आहे हे कोर्टात टिकलं. आता मागणी एकच धरायला हवी, प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दर महिन्याला सॅम्पल घ्या, पहाटे घ्या कारण तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, आणि आकडे तिथंच बोर्डावर लावा.