चिऱ्याची भिंत, लाकडी वासा आणि मणक्यातला हुक

फोंड्यात आमच्या शेजारच्या एका आजींच्या पाठीच्या शस्त्रक्रियेविषयी बोलणे चालले असताना एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की, कणा सरळ धरणारी सळी मणक्यांना जोडायला हुक ही जुनी गोष्ट झाली, स्क्रू केव्हाही हुकापेक्षा भक्कम. हा समज बराच पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठीचा कणा वाकलेल्या मुलांसाठी सळी आणि हुकांची रचना विकसित केली आणि 1962 साली ती सविस्तर प्रसिद्ध केली. सळीच्या दोन टोकांचे हुक मणक्यांच्या मागच्या भागात अडकवायचे आणि सळीवरील दातऱ्यांच्या आधाराने त्यांच्यातील अंतर वाढवत कणा ताणून सरळ करायचा, अशी ही युक्ती होती. पुढे स्क्रूंचा वापर वाढला आणि हुक मागे पडले.

आता पकडीचा विचार करू. गोव्यातल्या जुन्या घरात ज्याने चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकून पाहिला आहे, त्याला हे पटकन कळेल. चिरा सच्छिद्र असल्यामुळे खिळ्याभोवतीचा दगड भुगा होऊन सुटतो आणि खिळा हलू लागतो. तेच ओझे छपराच्या लाकडी वाशावर आकडा अडकवून टांगले, तर वासा मोडेपर्यंत ते पडत नाही. मणक्यातला स्क्रू मागून पेडिकल नावाच्या अरुंद देठातून पुढच्या गोल भागात शिरतो. त्या गोल भागातले हाड मुख्यतः जाळीदार असते. स्क्रू उपसून येतो तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये अडकलेले हाड कातरले जाते, म्हणून त्याची पकड त्या हाडाच्या घनतेवर फार अवलंबून असते. जाळीदार हाडाची ताकद साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे घनता 30 टक्क्यांनी घटली, तर 0.7 गुणिले 0.7 या हिशेबाने ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारात, झीज आधी या जाळीदार भागातच दिसते, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा असून हाड झिजवणाऱ्या पेशी पृष्ठभागावरूनच काम करतात.

हुकाला आट्यांची गरज नसते. तो लॅमिना या मागच्या पातळ कमानीला कवेत घेतो आणि ही कमान मुख्यतः घट्ट हाडाची असते. सरळ मागे ओढले असता हुक निघायचा, तर कमानच मोडावी लागते. त्यामुळे मृतदेहातून घेतलेल्या मणक्यांवरील ओढ-चाचण्यांत हाडाची घनता कमी झाल्याचा फटका स्क्रूला जितका बसतो, तितका लॅमिनावरच्या हुकाला बसत नाही, असे आढळले आहे.

तरीही स्क्रूचा पक्ष दुबळा नाही. हुक ज्या दिशेने टेकलेला असतो त्याच दिशेने भक्कम असतो. कणा पिळला गेला किंवा ताण सैल पडला, तर एकटा हुक घसरू शकतो, म्हणून दोन हुक समोरासमोर ठेवून खेकड्याच्या नांगीसारखी पकड तयार करतात. स्क्रू मणक्याच्या मागच्या भागापासून पुढच्या भागापर्यंत आरपार पोहोचतो, त्यामुळे वाकणे, झुकणे आणि पिळणे या तिन्ही गोष्टींवर त्याचा ताबा अधिक राहतो. शिवाय लॅमिनाखाली बसवलेल्या हुकाचे पाते मज्जारज्जूच्या नळीतच शिरते, त्यामुळे ताकद वाढवायची म्हणून ते हवे तितके जाड करता येत नाही.

म्हणून ठिसूळ हाडांच्या रुग्णात काही वेळा एकाच मणक्यात स्क्रू बसवून त्याच मणक्याच्या कमानीवर हुकही चढवतात. स्क्रूला उपसू पाहणाऱ्या ओढीचा काही भाग मग हुकामार्फत घट्ट हाड उचलते, आणि दोन मणक्यांमध्ये भरलेले हाड सांधून एकजीव होईपर्यंतचे महिने जाळीदार हाडावरचा भार हलका राहतो.