वेबपेजवरून स्क्रिप्टने पीडीएफ बनवणे

ब्राउझर उघडून प्रिंटचं बटण दाबायचं काम माणसाऐवजी प्रोग्रामने करायचं आणि वेबपेजची पीडीएफ फाइल काढायची, अशी ही पद्धत आहे. बिलं, तिकिटं, सर्टिफिकेटं, महिन्याचे रिपोर्ट, म्हणजे साचा एकच पण कॉप्या हजारो असं जिथे असतं तिथे ती वापरतात.

खरी अडचण अशी की वेबपेजला पानं नसतात, ते खाली खाली वाढतच जातं, आणि पीडीएफला मात्र ठरलेल्या मापाचं पान लागतं (ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिमी). मग टेबलची ओळ मधोमध तुटते, हेडिंग एका पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर असं होतं. ह्यासाठी सीएसएसमध्ये (वेबपेज कसं दिसावं हे सांगणारी भाषा) प्रिंटचे वेगळे नियम आहेत, पानाचं माप, मार्जिन, कुठे पान तोडायचं आणि कुठे अजिबात तोडायचं नाही हे सगळं त्यात सांगता येतं, आणि स्क्रिप्टपेक्षा जास्त वेळ ह्यावरच घालवावा.

आधी ह्या कामाला डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ आणि फँटमजेएस हे प्रोग्राम खूप चालायचे, आता दोन्हीचं काम थांबलंय. २०१७ साली क्रोम ५९ मध्ये विंडो न उघडता चालणारा हेडलेस मोड आला आणि त्याच वर्षी स्क्रिप्टमधून क्रोम चालवणारं गूगलचं पपेटियर आलं, मग २०२० मध्ये तसंच पण इतर ब्राउझरही चालवणारं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट, पण त्यातही पीडीएफ फक्त क्रोमियमवरच (क्रोम ज्यावर बांधलाय तो ब्राउझर) निघते. पायथनवाल्यांसाठी वीझीप्रिंट आहे, हलकं आणि छान, फक्त ते जावास्क्रिप्ट (पेजमध्ये चालणारा कोड) चालवत नाही, त्यामुळे डेटा नंतर लोड होणारं पेज त्यात रिकामं येतं.

पपेटियरमध्ये काही सांगितलं नाही तर पान ए४ नाही, अमेरिकेतल्या लेटर मापाचं येतं आणि बॅकग्राउंडचे रंग गायब असतात, दोन्ही सेटिंग आपणच द्यायच्या. नंतर लोड होणारे फोटो आणि डेटा पूर्ण येईपर्यंत थांबायलाही सांगावं लागतं.

मराठीसाठी तर जास्तच काळजी हवी. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकलेला नसेल तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. जेएसपीडीएफसारखी, जावास्क्रिप्टमधून थेट पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं नीट जुळवत नाही, पहिली वेलांटी भलतीकडेच बसते. काही जण ह्यावर पेजचा फोटो काढून तो पीडीएफमध्ये चिकटवतात, दिसायला बरोबर दिसतं पण त्यात शोधता येत नाही, कॉपी होत नाही आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं काहीच वाचत नाही, म्हणून हा मार्ग टाळावाच.

युजरने दिलेली लिंक थेट उघडून पीडीएफ काढणारी सेवा चालवायची असेल तर आतल्या नेटवर्कचे पत्ते आणि सर्व्हरवरच्या लोकल फाइली आधी बंद करा, नाहीतर कोणीही बाहेरून मागवून त्या पीडीएफमध्ये वाचू शकतो.