'एमी' ही डॉक्युमेंटरी कशी उभी राहिली

परवा परभणीत मित्राच्या घरी लॅपटॉपवर 'एमी' परत बघितली, सोबत आमच्या भजनी मंडळातली तीन पोरं होती, त्यांनी एमी वाइनहाऊस या इंग्लंडच्या गायिकेचं नाव पण ऐकलेलं नव्हतं. सुरुवातीलाच १९९८ चं घरगुती शूटिंग आहे, मैत्रिणीचा चौदावा वाढदिवस, कॅमेरा हलतोय, आणि ही पोरगी 'हॅपी बर्थडे' अशी काही गाते की आमचा पेटीवाला म्हणला थांबव, परत लाव. त्या पोरांसाठीच हे लिहितोय.

एमीचा जन्म १४ सप्टेंबर १९८३ चा, उत्तर लंडनमधला. घरात जॅझ, आजीपण गायची. २००३ ला 'फ्रँक' हा पहिला अल्बम, २००६ ला दुसरा 'बॅक टू ब्लॅक', २००८ ला एका रात्रीत ५ ग्रॅमी, म्हणजे संगीतातले मोठे पुरस्कार, आणि २३ जुलै २०११ ला लंडनमधल्याच कॅमडनच्या घरात गेली, वय २७. ड्रग्जनं गेली म्हणतात ते खरं नाही. दारूनं गेली, रक्तात १०० मिलीला ४१६ मिलिग्रॅम, तिकडं गाडी चालवायची लिमिट ८० आहे. आणि शरीर आधीच पोखरलेलं, कारण लहान वयापासून खाऊन ओकून टाकायचा आजार, बुलिमिया. फिल्ममधे आहे की तिनं हे आईला स्वतः सांगितलं होतं आणि आईला वाटलं वयाचं खूळ, जाईल आपोआप. मला सगळ्यात जास्त हेच लागतं, आपल्याकडं पण आई असंच म्हणली असती.

आता फिल्मचं. दिग्दर्शक आसिफ कपाडिया, भारतीय वंशाचा, लंडनमधेच वाढलेला, त्याची 'सेना' ही आयर्टन सेना या रेसिंग ड्रायव्हरवरची फिल्म २०१० ला आली होती, पूर्ण जुन्या फुटेजवर. ती बघून एमीच्याच रेकॉर्ड कंपनीनं त्याला विचारलं. पण मैत्रिणी बोलायलाच तयार नव्हत्या, एवढं सगळं छापून आल्यावर त्यांचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. मग त्यानं अंधाऱ्या खोलीत, कॅमेरा न लावता, नुसता माईक ठेवून लोकांना बोलतं केलं, अशा शंभराच्या आसपास मुलाखती झाल्या. पहिल्या मॅनेजरनं, तोपण तेव्हा पोरगाच होता, गाडीत न् हॉटेलात काढलेल्या टेपा दिल्या. म्हणून अर्ध्या फिल्ममधे एमी कॅमेऱ्याकडं बघून हसते, समोर दोस्त आहे ना, आणि नंतर फोटोवाल्यांचे फ्लॅश सुरू झाले की तीच तोंड लपवून पळते. आपण दोन्ही वेळेला कॅमेऱ्याच्याच बाजूला उभे, हे लक्षात आलं की बघवत नाही.

२०१५ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला दाखवली, एमीच्या वडिलांनी दिशाभूल करणारी म्हणून विरोध केला, २०१६ ला ऑस्कर मिळालं.

फिल्म संपल्यावर पेटीवाला त्याच्या चुलत्याबद्दल बोलला. चांगला गवळण गाणारा माणूस, तिशीच्या आतच गेला, टीबीनं. त्याचा आवाज फक्त एका लग्नाच्या कॅसेटवर आहे, मागं बँड वाजतोय आणि दोन ओळींनंतर कुणीतरी जेवायला चला म्हणतं. कॅसेट त्याच्या काकूकडं पाथरीला आहे, चालू टेप कुणाकडं असेल तर सांगा, आम्ही रविवारी जाणार आहोत.